दोन खजूर आणि एक गाढव

माणसाच्या धरसोडीसाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. 'व्हॅसिलेट' हे क्रियापद लॅटिनमधून आले. त्याचा मूळ अर्थ झोकांड्या खाणे, डुलणे. 'हेझिटेट'च्या मुळाशी चिकटून राहणे, अडकून बसणे आहे. 'डिदर' म्हणजे पूर्वी नुसते थरथरणे. 'शिली-शॅली' हा शब्द तर 'शॅल आय?' म्हणजे 'करू का?' या प्रश्नाचीच टवाळी करून घडला. इ. स. १७०० मध्ये रंगभूमीवर आलेल्या विल्यम काँग्रीव्हच्या 'द वे ऑफ द वर्ल्ड' या नाटकात गावाकडून लंडनला आलेला एक उमराव बढाई मारतो, की 'शिल आय, शॅल आय' करीत ताटकळणाऱ्यांतला मी नव्हे. पुढे त्याचाच 'शिली-शॅली' झाला. आपल्याकडच्या 'करू की नको'ला हा अगदी जवळचा.

अरबी-फारसीतून उर्दूत आणि आपल्या घरांतल्या बोलीत आलेले शब्दही याच जातीचे आहेत. 'पसोपेश' म्हणजे शब्दशः मागे आणि पुढे. 'तजब्जुब'च्या मुळाशी टांगलेल्या वस्तूचे हेलकावे आहेत. मराठीतली 'चलबिचल' आणि 'धरसोड' यांचेही तेच. मन ठरत नाही, हे सांगायला सगळ्याच भाषांनी शरीराची हालचाल उसनी घेतली आहे.

इंग्रजीत आणखी एक शब्दप्रयोग मात्र असा आहे, की त्यात काहीच हालत नाही. तो म्हणजे 'ब्युरिडन्स ॲस', ब्युरिडनचे गाढव. भुकेले गाढव गवताच्या दोन भाऱ्यांच्या बरोबर मध्ये उभे आहे. दोन्ही भारे सारख्या आकाराचे, सारखे हिरवे, सारख्या अंतरावर. डावीकडे जावे असे काही कारण नाही, उजवीकडे जावे असेही नाही. कारणाशिवाय पाऊल कसे उचलायचे? म्हणून ते तिथेच उभे राहते आणि उपासमारीने मरते. कोणी दोन पर्यायांमध्ये ताटकळत बसला, की इंग्रजी लेखक त्याला हे गाढव म्हणतो. आपल्या 'इकडे आड तिकडे विहीर'शी याची गल्लत करू नये. आपली म्हण संकटाची आहे, दोन्हीकडे बुडणेच आहे. गाढवाची गोष्ट सुबत्तेतली आहे. दोन्हीकडे चाराच चारा आहे.

या शब्दप्रयोगाचा माग काढत गेले की दोन गोष्टी हाती लागतात. पहिली म्हणजे, हे गाढव ब्युरिडनचे नाही. दुसरी अशी, की गाढवाच्याही आधी या जागी एक माणूस होता, त्याच्यापुढे दोन खजूर होते आणि तो उपाशी मेला नव्हता. ते खजूर इमाम गझालींचे. आणि गझालींचे स्वतःचे आयुष्य याच प्रश्नापाशी जसे येऊन थांबले, ते वाचले म्हणजे इंग्रजीतली ही गाढवाची गोष्ट अनिर्णयाबद्दल खरे सांगते की नाही, अशी शंका येऊ लागते.

आधी ब्युरिडनचा विचार करू. फ्रेंच उच्चाराप्रमाणे झाँ बुरिदाँ; आपण बुरिदान म्हणू. उत्तर फ्रान्सातील पिकार्डी प्रांतातला हा माणूस साधारण १३०० ते १३६० या काळातला. पॅरिस विद्यापीठात तो आयुष्यभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवत राहिला. १३२८ मध्ये आणि पुन्हा १३४० मध्ये तो विद्यापीठाचा रेक्टर होता. त्या काळी विद्वानाची पायरी चढत जायची ती धर्मशास्त्राच्या शाखेकडे. हा मात्र कला शाखेतच राहिला. हातातून सुटलेला दगड पुढे का जात राहतो, यावर त्याने केलेला विचार विज्ञानाच्या इतिहासात आजही अभ्यासला जातो. इतका मोठा अभ्यासक, पण लोकांच्या तोंडी राहिला तो एका गाढवामुळे आणि एका भाकडकथेमुळे. फ्रान्सच्या राणीने त्याला पोत्यात घालून सीन नदीत फेकायला लावले, अशी ती कथा. पंधराव्या शतकातल्या फ्रांस्वा व्हियाँ या कवीने तिचा उल्लेख केल्यामुळे ती आणखीच पक्की झाली.

त्याच्या उपलब्ध ग्रंथांत हे गाढव कुठेही नाही. ॲरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथावर त्याने जे भाष्य लिहिले त्यात एक कुत्रा आहे, दोन अन्नांच्या मध्ये अडकलेला. मग गाढव आले कुठून? बुरिदानचे एक मत होते. बुद्धीला एखादी गोष्ट पुरती स्पष्ट झाली नसेल, तर इच्छाशक्ती निर्णय पुढे ढकलू शकते, बुद्धीला आणखी विचार करायला लावू शकते. या मतात शहाणपणच आहे. परंतु विरोधकांना टिंगलीसाठी एवढे पुरेसे असते. 'तुमचा माणूस मग विचारच करत बसेल आणि उपाशी मरेल' असे म्हणून कोणीतरी त्याच्या गळ्यात हे गाढव बांधले असावे, असा तर्क अभ्यासक करतात. प्रतिपक्षाच्या तोंडी त्याचे नसलेले वाक्य घालून त्यालाच हास्यास्पद करण्याची पद्धत जुनीच आहे.

नाव एकदा चिकटले ते चिकटलेच. स्पिनोझाने १६६३ मध्ये या गाढवाचा उल्लेख केला, तेव्हा त्याचे म्हणणे असे होते, की गाढवाच्या जागी माणूस असता आणि तो तसा मेला असता, तर त्याला विचार करणारा प्राणी न म्हणता अतिशय लाजिरवाणे गाढवच म्हणावे लागेल. त्याच्या मृत्यूनंतर १६७७ मध्ये 'एथिक्स' प्रसिद्ध झाले. त्यात हाच स्पिनोझा मान्य करतो, की असा माणूस खरोखरच उपाशी मरेल. मग त्याला गाढव म्हणायचे की माणूस? ते मला सांगता येत नाही, असे तो म्हणतो.  फ्रेंच विद्वान प्येर बेलने १६९७ च्या आपल्या कोशात बुरिदानच्या नोंदीखाली गाढवाची चर्चा केली. लाइबनित्सने १७१० मध्ये सगळी गोष्टच उडवून लावली. त्याचे म्हणणे, की विश्वाचे असे दोन तंतोतंत समान भाग करताच येत नाहीत. एवढेच कशाला, गाढवालाही मधोमध उभे चिरले तर त्याच्या पोटातली आतडी दोन्हीकडे सारखी निघणार नाहीत. कुठेतरी काहीतरी कमीजास्त असतेच, आणि गाढव तिकडे वळतेच.

राजकारणाला हे जनावर आवडणार, यात नवल नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेची काँग्रेस अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा कालवा पनामातून काढावा की निकाराग्वातून, या घोळात अडकली होती. तेव्हाच्या एका व्यंगचित्रात काँग्रेस म्हणजे दोन भाऱ्यांमधले गाढव दाखवले आहे. तो घोळ मिटला त्याची हकीकत व्यंगचित्रापेक्षा गमतीची आहे. पनामाच्या बाजूने खटपट करणाऱ्या फिलिप ब्युनो-व्हारिया या फ्रेंच अभियंत्याने निकाराग्वाचे एक टपाल तिकीट शोधून काढले. त्यावर धूर ओकणारा मोमोतोंबो ज्वालामुखी छापलेला होता. त्याने ते तिकीट सिनेटरांना वाटले. त्याच्या थोडेच आधी, मे १९०२ मध्ये, कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर ज्वालामुखीने एक अख्खे शहर गिळले होते. जून १९०२ मध्ये पनामाचा कायदा मंजूर झाला, आणि १९१४ मध्ये कालवा खुला झाला. बोटभर रुंदीच्या कागदाने पारडे झुकवायला मदत केली.

यंत्रांनाही या गाढवाने सोडलेले नाही. दोन संकेतांपैकी आधी कोणता आला, हे ठरवणारी विद्युत्मंडले असतात. दोन्ही संकेत जवळजवळ एकाच क्षणी आले, तर हे मंडल 'शून्य' आणि 'एक' यांच्या मध्येच लोंबकळत राहू शकते, हे थॉमस चेनी आणि चार्ल्स मॉल्नर यांनी १९७३ मध्ये प्रयोगाने दाखवले. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये त्यावर एक निबंध लिहिला आणि त्या तत्त्वाला बुरिदानचेच नाव दिले. निबंध छापून आला तो २०१२ मध्ये. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की सलग बदलत जाणाऱ्या मापावरून 'हे की ते' असा निर्णय ठरावीक मुदतीच्या आत लागेलच, अशी हमी कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. म्हणजे यंत्राच्या बाबतीत तरी गाढव खरेच अडते, निदान काही क्षण.

आता उलट दिशेने, बुरिदानच्या मागे जाऊ. त्याच्या थोडे आधी, १३२१ मध्ये वारलेल्या दान्तेच्या 'पारादिसो'च्या चौथ्या सर्गाची सुरुवातच दोन सारख्या पदार्थांमध्ये उपाशी राहिलेल्या माणसाने होते. त्याच्याही आधी तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने हा दाखला आक्षेप म्हणून मांडला आणि त्याला उत्तर दिले. आणि या सगळ्यांच्या मागे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, ॲरिस्टॉटल आहे. पृथ्वी विश्वाच्या मधोमध आहे, तिला कोणत्याही एका बाजूला जाण्याचे कारण नाही, म्हणून ती स्थिर आहे, असे एक जुने मत होते. ॲरिस्टॉटलने त्याची खिल्ली उडवताना म्हटले, की हे म्हणजे सारखीच भूक आणि सारखीच तहान लागलेला माणूस अन्न आणि पाण्याच्या मध्ये जागचा हलत नाही, असे म्हणण्यासारखे आहे.

ॲरिस्टॉटल आणि अक्वायनस यांच्यामध्ये दीड हजार वर्षे आहेत. युरोपीय लेखक पुष्कळदा ती उडी मारून पार करतात. परंतु या प्रश्नाला खरे वजन आले ते या मधल्या काळात, बगदाद आणि कोर्दोबा इथे.

अबू हामिद अल-गझाली खुरासानातल्या तूस गावचे. जन्म १०५८ च्या सुमाराचा. निशापुरात इमाम जुवैनींकडे ते शिकले. सल्जूक वजीर निजामुल्मुल्क यांनी १०९१ मध्ये, म्हणजे हिजरी ४८४ मध्ये, त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. तेव्हा ते जेमतेम तिशीच्या पुढे होते. आपल्यापुढे तीनशे विद्यार्थी बसत, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. याच काळात त्यांनी 'तहाफुतुल फलासिफा' हा ग्रंथ लिहिला. एका हस्तलिखितातील नोंदीप्रमाणे तो हिजरी ४८८ च्या मुहर्रममध्ये, म्हणजे जानेवारी १०९५ मध्ये, पूर्ण झाला. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी.

ग्रंथात वीस मुद्दे आहेत आणि पहिलाच विश्वाच्या अनादित्वाचा आहे. इब्न सीना आणि त्यांच्या वाटेने जाणारे तत्त्वज्ञ विचारत, की विश्व एका विशिष्ट क्षणी निर्माण झाले असे तुम्ही म्हणता, तर तोच क्षण का? त्याआधीचे सगळे क्षण सारखेच होते. सारख्यांतून एक निवडायचा तर काहीतरी 'तरजीह' हवी, पारडे झुकवणारे कारण हवे. ते कारण नसेल तर विश्वाला सुरुवातच नाही, ते अनादि आहे. प्रश्न बिनतोड होता. गझालींचे उत्तर असे, की 'इरादा' म्हणजे इच्छा, हा गुणधर्मच मुळी असा आहे, की तो एका वस्तूला तिच्यासारख्याच दुसऱ्या वस्तूपासून वेगळे काढतो. नुसते सामर्थ्य दोन्हीकडे सारखे चालते. इच्छा एकीकडे बोट ठेवते. इच्छेने असे का केले हे विचारणे म्हणजे ज्ञानाला वस्तू का कळते, असे विचारण्यासारखे आहे.

तत्त्वज्ञ हे सहजी मान्य करणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी आक्षेपही पुरा मांडला आहे. तहानलेल्या माणसापुढे दोन पेले ठेवले, दोन्ही हरप्रकारे सारखे, तर तो एकही उचलू शकणार नाही. उचललाच, तर तो पेला त्याला जास्त सुंदर वा हलका वाटला असेल, किंवा उजव्या हाताला जवळ असेल. यावर गझाली खजूर पुढे करतात. दोन सारखे खजूर आहेत. माणसाला ते हवेसे झाले आहेत. दोन्ही घेता येत नाहीत. जी जी कारणे तुम्ही सांगाल, सौंदर्य, जवळीक, हात, ती सगळी आपण काढून टाकू. आता हा माणूस खजुरांकडे नुसता बघतच राहील का? राहणार नाही. तो एक उचलेलच. आणि उचलेल तो अशा शक्तीने, जिचे कामच सारख्यांत निवड करणे हे आहे.

इथे अरबी शब्दांतच एक पेच दडलेला आहे, तो मराठी वाचकाला विशेष जाणवावा. 'अखत्यार' हा शब्द आपण कचेरीत रोज वापरतो. 'हे माझ्या अखत्यारीत नाही' असे सांगून हात वर करतो. त्याचे मूळ अरबी 'इख्तियार', अर्थ निवड. आणि हा शब्द 'खैर'च्या, म्हणजे चांगल्याच्या, धातूपासून बनलेला आहे. निवडणे म्हणजे दोहोंतले चांगले ते घेणे. मग दोन्ही सारखेच चांगले असतील तर इख्तियार उरतो कुठे? तत्त्वज्ञांचा आक्षेप असा भाषेच्या पोटातूनच आलेला होता. गझालींनी 'इरादा' हा शब्द धरून त्यातून वाट काढली.

ते नुसता बचाव करून थांबत नाहीत. तत्त्वज्ञांच्याच खगोलशास्त्रात शिरून विचारतात, की आकाशाचा बाहेरचा गोल पूर्वेकडून पश्चिमेकडे का फिरतो, उलट का फिरत नाही? गोलाचे सगळे बिंदू सारखे असताना ध्रुव याच दोन बिंदूंवर का? म्हणजे सारख्यांतून एकाची निवड तुम्हालाही मान्य करावीच लागते. गझालींनी मुसलमानांच्या बुद्धीला कुलूप घातले, असे परिसंवादांत हमखास ऐकू येते. ज्यांना तसे वाटते त्यांनी ही दोन-चार पाने वाचावीत. प्रतिपक्षाची बाजू स्वतःच्या हाताने इतकी भक्कम उभी करून मग तिच्याशी लढणारा माणूस विचार बंद पाडायला निघालेला नसतो.

उत्तर यायला जवळजवळ पंच्याऐंशी वर्षे लागली. कोर्दोब्याचे काजी आणि हकीम इब्न रुश्द यांनी ११८० च्या सुमारास 'तहाफुतुत तहाफुत' लिहून गझालींच्या ग्रंथाचा मुद्देवार समाचार घेतला. खजुरांबद्दल त्यांचे म्हणणे अगदी साधे आहे. भुकेला माणूस या खजुराची त्या खजुराशी तुलना करतच नाही. त्याची तुलना खाणे आणि न खाणे यांच्यात असते, आणि ते दोन पर्याय मुळीच सारखे नाहीत. खायचे ठरले, की हाताला लागेल तो खजूर. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकतो. म्हणजे त्याने सारख्यांत निवड केली असे म्हणताच येत नाही.

मला व्यक्तिशः इब्न रुश्दांचे उत्तर माणसाच्या बाबतीत जास्त पटते. बाजारात बटाट्याच्या ढिगातून पाव किलो उचलणारी बाई प्रत्येक बटाट्याचे कारण देत नाही. पण एवढ्याने गझालींचा प्रश्न पुरता मिटतो असेही नाही. 'कोणताही चालेल' हे खरे. तरी हात शेवटी 'या'च्यावर पडला, 'त्या'च्यावर नाही. तो का पडला? एक मात्र दोघांनाही मान्य आहे. खजुरांपुढचा माणूस उपाशी मरत नाही. युरोपात जाऊन या गोष्टीचा शेवट बदलला.

ती तिकडे कशी गेली, याचा सरळ धागा दाखवता येत नाही. एवढे ठाऊक आहे, की गझालींचा 'मकासिदुल फलासिफा' बाराव्या शतकात तोलेदोत लॅटिनमध्ये उतरला. त्यात तत्त्वज्ञांची मते फक्त समजावून सांगितली आहेत. लॅटिन वाचकांपुढे बहुतेक प्रती प्रस्तावनेविना आल्या, त्यामुळे 'अल्गाझेल' म्हणजे इब्न सीनांचाच एक अनुयायी, अशी त्यांची समजूत झाली. ज्याने तत्त्वज्ञांवर वार केले तो तत्त्वज्ञांचा चेला ठरला! इब्न रुश्दांचे खंडन लॅटिनमध्ये आले ते १३२८ मध्ये. नेपल्सचा राजा रॉबर्ट याच्यासाठी कालोनिमस बेन कालोनिमस या ज्यू विद्वानाने ते केले. त्यात गझालींचे खजूरही होते. बुरिदान त्याच वर्षी पॅरिसला प्रथम रेक्टर होता. हा योगायोग आहे. त्यावरून त्याने ते पुस्तक वाचले असे सिद्ध होत नाही.

आता जानेवारी १०९५ कडे परत जाऊ.

'तहाफुत' पूर्ण होऊन सहा महिनेही लोटले नसतील. हिजरी ४८८ चा रजब महिना, म्हणजे जुलै १०९५. 'अल-मुन्किज मिनद्दलाल' या आपल्या आत्मकथनात गझालींनी तिथून पुढच्या जवळजवळ सहा महिन्यांचे वर्णन केले आहे. आपले शिकवणे अल्लाहसाठी नसून कीर्तीसाठी चालले आहे, आपण ढासळत्या कड्यावर उभे आहोत, अशी त्यांची खात्री झाली होती. बगदाद सोडायचे, सगळे टाकून निघायचे. एके दिवशी निश्चय पक्का होई, दुसऱ्या दिवशी विरून जाई. सकाळी परलोकाची ओढ खरी वाटे, संध्याकाळपर्यंत वासनांची फौज येऊन ती उधळून लावी. एक पाय पुढे, दुसरा मागे, अशी अवस्था त्यांनी सांगितली आहे. पसोपेश म्हणतात तो हाच.

मग जीभ अडली. विद्यार्थ्यांच्या समाधानासाठी एखादा दिवस तरी शिकवावे म्हणून ते बसत, पण तोंडून शब्द फुटत नसे. त्या दुःखाने अन्नावरची वासना गेली. घोटभर पेय घशाखाली उतरेना, घास पचेना. हकिमांनी हात टेकले. हे दुखणे हृदयातून शरीरात उतरले आहे, मनाची चिंता गेल्याशिवाय औषध चालणार नाही, असे त्यांचे निदान झाले. दोन खजुरांपुढचा माणूस एक उचलून खाईलच, असे ज्यांनी लिहिले, त्यांना त्याच वर्षी घास गिळता येत नव्हता.

पण त्यांच्यापुढचे दोन पर्याय खजुरांसारखे सारखे होते का? मुळीच नाही. कोणते पारडे जड आहे हे त्यांना लख्ख दिसत होते. एकीकडे मदरसा, मानमरातब, मुलेबाळे, दुसरीकडे आखिरत. त्यांच्या स्वतःच्या हिशेबाने यांत तुलनाच नव्हती. तरीही पाय उचलत नव्हता. गाढवाची गोष्ट सांगते, की कारणे समसमान झाली की माणूस अडतो. दोन सारख्या खजुरांपुढे कोणीच अडत नाही. खरा अडणारा माणूस पुष्कळदा असा असतो, की कुठे जायचे हे त्याला पक्के ठाऊक असते. मुलीच्या शिक्षणाचा, इस्टेटीतल्या बहिणीच्या हिश्शाचा प्रश्न आला, की आपल्या मोहल्ल्यांत जी टाळाटाळ चालते तीही याच प्रकारची. योग्य काय ते घरातल्या सगळ्यांना माहीत असते. या अवस्थेला इंग्रजीतले ते गाढव कामाचे नाही. 'पसोपेश' आणि 'तजब्जुब' जास्त कामाचे, कारण त्यांत निदान धडपड तरी आहे.

गझालींनी या सहा महिन्यांसाठी दोन शब्द वापरले आहेत. जीभ बंद झाली त्या टप्प्यावर, ते सांगतात, गोष्ट 'इख्तियार'च्या हद्दीतून निघून 'इज्तिरार'मध्ये गेली. निवडीतून निरुपायात. ज्यांनी इच्छाशक्तीची इतकी नेमकी व्याख्या केली त्यांनी स्वतःच्या निर्णयाचे श्रेय मात्र तिला दिले नाही. सगळे उपाय हरलेल्या माणसाने अल्लाहकडे धाव घ्यावी तशी घेतली, आणि त्याने मानमरातब, संपत्ती, मुलेबाळे यांच्यापासून दूर होणे मनाला सोपे करून दिले, असे ते लिहितात.

इतिहासकारांना एवढ्यावर समाधान नाही, आणि ते योग्यही आहे. १०९२ मध्ये निजामुल्मुल्कांचा खून झाला होता, त्याच वर्षी सुलतान मलिकशाहही वारले. सल्जूक घराण्यात गादीसाठी लढाया सुरू होत्या, आणि गझाली दरबाराच्या फार जवळ होते. बगदाद सोडण्यामागे भीतीही असेल. पण भिणारा माणूस लगेच निघतो. सहा महिने घास न उतरणे एवढ्या भीतीने उलगडत नाही.

ते निघाले ते हिजरी ४८८ च्या जिल्कदमध्ये, नोव्हेंबर १०९५ मध्ये. खलिफा आणि मित्रमंडळी अडवतील म्हणून बाहेर सांगितले, की मक्केला जातो. मनात शाम देश होता. मुलाबाळांपुरते ठेवून बाकीचा पैसा वाटून टाकला. दमिश्कच्या मशिदीच्या मिनारात ते दिवसभर दार लावून बसत. तिथून बैतुल मुकद्दस, मग हज, आणि अखेर मुलांच्या ओढीने घराकडे. बरीच वर्षे एकांतात गेल्यावर निशापूरला शिकवायला या, असा सुलतानाकडून आग्रह झाला. पुन्हा तोच घोळ, जावे की न जावे. या वेळी त्यांनी जाणत्या लोकांचा सल्ला घेतला आणि गेले. तो महिना हिजरी ४९९ चा जिल्कद होता. बगदाद सोडले तेव्हाही जिल्कदच होता, मधे अकरा वर्षे गेली, अशी नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे.